साठवलेल्या कंदांना जानेवारीतच कोंब आले तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत एडिसनजवळ घर. ऑक्टोबरच्या शेवटी पहिल्या फ्रॉस्टने, म्हणजे गोठवणाऱ्या रात्रीने, पाला काळा पडल्यावर डेलिया, ग्लॅडिओलस, निशिगंध आणि कॅलेडियम एकाच दिवशी खणून काढले. सगळे एकाच प्लास्टिकच्या खोक्यात ओलसर पीट मॉसमध्ये (कुजलेल्या शेवाळाच्या भुशात) घातले, झाकण घट्ट लावलं आणि खोकं बेसमेंटमध्ये वॉटर हीटरशेजारी ठेवलं. आता जानेवारीच्या मध्यावर डेलियाला वीतभर पांढरे कोंब आलेत, ग्लॅडिओलसची हिरवी टोकं दिसतायत, काही डेलिया मऊ लागतायत. सगळं उचलून फ्रिजमध्ये टाकावं का?

सगळं नको. ग्लॅडिओलस फ्रिजमध्ये चालतील, डेलिया अगदीच जागा नसेल तर. निशिगंध आणि कॅलेडियम मात्र अजिबात नाही. फ्रिजमध्ये ठेवलेल्या कॅलेडियमला कोंब येत नाहीत हे खरं, पण ते मेलेलं असतं म्हणून.

आधी एक गोष्ट सांगतो, मग आज काय करायचं ते. साठवणीत कंदाचं तीन तऱ्हांनी बिघडतं: तो सडतो, सुकतो किंवा अवेळी फुटतो. यात अवेळी फुटणं सगळ्यात सौम्य. फुटलेला कंद जिवंत तरी असतो, आणि कोंब मोडला तरी बहुतेक कंदांजवळ दुसरा डोळा असतो. पण लोक घाबरतात ते नेमके कोंबाला. त्या भीतीने गारठ्यात नेऊन ठेवलेले निशिगंधाचे आणि कॅलेडियमचे कंद मी कोंब आलेल्या कंदांपेक्षा कितीतरी जास्त वाया गेलेले पाहिलेत.

हे कंद झोपतात कशामुळे

ट्यूलिप-डॅफोडिलना थंडी हवीच असते. ती मिळाल्याशिवाय धड फूल येत नाही. तुमच्या खोक्यातले कंद त्या जातीचे नव्हेत. डेलिया आणि निशिगंध मेक्सिकोचे, आपल्या बागांतले ग्लॅडिओलस दक्षिण आफ्रिकेतल्या जातींपासून आलेले, कॅलेडियम आणि कर्दळ अमेरिकेच्या उष्ण भागातले. त्यांच्या मुलखात वर्षाचे काही महिने कोरडे जातात. पाऊस थांबला की पाला वाळतो, कंद जमिनीत पडून राहतो, आणि ऊब व ओल पुन्हा एकत्र आली की फुटतो. म्हणजे त्यांची विश्रांती ही पावसाची वाट पाहणं आहे. आपल्या इथला हिवाळा त्यांना फक्त सोसायचा असतो, आणि कोणाला किती सोसतो ते प्रत्येकाचं वेगळं.

तुमच्या खोक्यात काय झालं ते आता लक्षात येईल. हीटरशेजारी हिवाळाभर ६५ ते ७० अंश फॅरेनहाइट तापमान, वर ओलसर पीट, वर बंद झाकण. डेलियाच्या दृष्टीने मेक्सिकोत पाऊस पडला. तो फुटला यात त्याची काही चूक नाही.

ग्लॅडिओलसचं गणित जरा निराळं आहे. ताजा खणलेला कंद खरोखर गाढ झोपेत असतो. तेव्हा लगेच ओल्या मातीत लावला तरी तो ढिम्म राहतो. ही झोप मोडायला काही आठवडे थंडी उपयोगी पडते. पण झोप एकदा मोडली की त्याला फुटण्यापासून थोपवतेही थंडीच. म्हणून ग्लॅडिओलस ठेवायचा तो थेट लावणीच्या दिवसापर्यंत गार. महाराष्ट्रात फुलशेती करणारे हेच करतात, फक्त ऋतू उलटा: हंगाम संपल्यावर कंद काढतात, सावलीत सुकवतात आणि उन्हाळ्यात शीतगृहात ठेवतात, म्हणजे पुढच्या लावणीला सगळे एकसारखे उगवतात. निशिगंध, ज्याला बाजारात गुलछडी म्हणतात, तो तिकडे दोन-तीन वर्षं जमिनीतच राहतो. त्यामुळे गावाकडच्या माणसाला निशिगंध हिवाळ्यात कसा ठेवायचा हे विचारून उपयोग नाही, त्यांच्यावर ती वेळच येत नाही.

आपल्या डोक्यात आणखी एक गोंधळ असतो तो कांद्यामुळे. चाळीतला उन्हाळी कांदा २५-३० अंश सेल्सिअसला निवांत राहतो आणि १०-२० अंशांच्या गारव्यात कोंब काढतो. त्यामुळे ‘कोरडं, उबदार, हवेशीर’ हा मंत्र आपल्याला पाठ असतो. डेलियाला तो लावाल तर फसाल. कांद्याला बाहेरून वाळलेल्या पापुद्र्यांचं आवरण असतं, आत पाणी टिकतं. डेलियाची साल पातळ, ती ओल धरून ठेवत नाही. उघड्या टोपलीत ठेवलेला डेलिया फेब्रुवारीपर्यंत सुरकुतून कडक होतो.

आज काय करायचं

खोकं उघडा, वर्तमानपत्र पसरा आणि चारही जाती वेगळ्या करा. एकत्र ठेवणं हीच मूळ अडचण आहे, बाकी सगळं त्यातून आलंय.

डेलियापासून सुरुवात करा. मऊ, पाणचट, वास येणारे कंद सरळ फेका. अर्धवट सडलेला असेल तर स्वच्छ सुरीने पांढराशुभ्र, टणक गर लागेपर्यंत कापा आणि कापलेली बाजू एक-दोन दिवस उघड्यावर वाळू द्या. वर बागेसाठी मिळणारी गंधकाची पूड लावा. हळद चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. चालेल, बिघडत काही नाही. पण सडका भाग आत ठेवून वर हळद लावली तर ती काय करणार. आणि प्रत्येक गठ्ठ्यानंतर सुरी स्पिरिटने पुसा, नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याला तुम्हीच द्याल.

वीतभर पांढरे कोंब ठेवू नका. ते अंधारात लांबलेले, ठिसूळ असतात, लावताना मोडतातच. आणि तोपर्यंत कंदातला साठा खात राहतात. बुडाशी बोटभर ठेवून खुडून टाका. डेलियाचा डोळा कंदाच्या मानेवर, जुन्या देठाला जिथे तो चिकटतो तिथे असतो. ती मान शाबूत असेल तर पुन्हा कोंब येईल. मान मोडलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी त्यातून कधीच काही उगवत नाही, तो आत्ताच काढून टाका. अर्ध्या इंचाचे गुटगुटीत कोंब असतील त्यांना हात लावू नका. ते गारव्यात गेले की जवळपास थांबतात.

नंतर डेलिया ४० ते ५० फॅरेनहाइटच्या, म्हणजे ४ ते १० सेल्सिअसच्या जागी हलवा. पीट फार ओलं असेल तर बदला. मला स्वतःला व्हर्मिक्युलाइट, म्हणजे फुगवलेल्या खनिजाचे हलके दाणे, आवडतं, ओल फार धरत नाही आणि फार सोडतही नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानात पिंजऱ्यात घालायच्या पाईनच्या ढलप्या मिळतात, त्याही उत्तम. मुठीत दाबल्यावर पाण्याचा थेंब निघता कामा नये, नुसता गारवा लागला पाहिजे. खोक्याचं झाकण सैल ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर काही दिवस उघडंच राहू द्या.

ग्लॅडिओलस कोरडे हवेत, पीटमधून काढाच. हिरवं टोक मोडू नका. डेलियाचा कोंब खुडतो तसा इथे खुडायचा नसतो. ग्लॅडिओलसचा वरचा मुख्य कोंबच चांगला दांडा देतो. तो मोडला तर बाजूचे डोळे फुटतात, पण फुलं बारकी येतात. माती झटकून, खालचा जुना सुकलेला कंद निघत असेल तर काढून, कागदी पिशवीत किंवा जाळीच्या पिशवीत घालून ३५ ते ४५ फॅरेनहाइटला ठेवा. हे तापमान फ्रिजचंच आहे. फक्त ज्या फ्रिजमध्ये सफरचंद, केळी, पेर असतील तिथे नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, आणि तो ग्लॅडिओलसची झोप मोडतो. गॅरेजमधला जुना, पेयांसाठीचा फ्रिज असेल तर तो या कामाला झकास. थंडीचा एक जास्तीचा फायदाही आहे: कंदावर चिकटून राहिलेले थ्रिप्स म्हणजे फुलकिडे एवढ्या गारठ्यात दीर्घकाळ तग धरत नाहीत.

निशिगंध ५५ ते ६५ फॅरेनहाइटला, कोरडा. ५० च्या खाली नेऊ नका. गठ्ठा फोडायची आत्ता गरज नाही. एखादा कंद बोटाने दाबून पाहा. टणक लागला तर ठीक. थोडी हिरवी टोकं दिसली तर काळजी करू नका. निशिगंधाला लावणीपासून फुलापर्यंत चारेक महिने लागतात आणि आपला उन्हाळा तोकडा, त्यामुळे त्याची घाई आपल्या फायद्याची. मार्चमध्ये कुंडीत लावून खिडकीत ठेवला की झालं. एक मात्र लक्षात असू द्या: ज्या कंदाने गेल्या वर्षी दांडा दिला तो पुन्हा देत नाही. फुलं येणार ती शेजारच्या पिल्लांना, आणि त्यातही जाडजूड पिल्लांनाच. ‘साठवला तर होता नीट, मग फुलला का नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

कॅलेडियम ६० ते ७० फॅरेनहाइटला, कोरडं. म्हणजे गंमत अशी की तुमची हीटरशेजारची जागा या एकट्यासाठी बरोबर होती, फक्त ओल नको होती. पण खरं सांगायचं तर तुमच्या कॅलेडियमबद्दल मला फारशी आशा नाही. रात्रीचं तापमान ५५ च्या खाली जाऊ लागलं की, म्हणजे आपल्याकडे सप्टेंबरच्या अखेरीस, ते काढायला हवं. फ्रॉस्टपर्यंत जमिनीत राहिलेला कंद बाहेरून ठीक दिसतो आणि आतून खडूसारखा भुसभुशीत किंवा चिकट होत जातो. नखाने हलकं खरवडून पाहा. आत घट्ट गर असेल तर ठेवा. नसेल तर हळहळू नका, वसंतात नवे घ्या. फ्लोरिडातल्या लेक प्लॅसिडच्या आसपास जगातले बहुतेक कॅलेडियम पिकतात, आणि ते कंद काही महाग नसतात.

घरातली गार जागा शोधणं

‘थंड, कोरड्या जागी ठेवा’ असं प्रत्येक पिशवीवर छापलेलं असतं. आजच्या गरम केलेल्या घरात अशी जागा मुळात असते कुठे? ती शोधावी लागते, आणि अंदाजाने सापडत नाही. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान नोंदवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर घ्या, त्याची वायर खोक्याच्या आत सोडा आणि आठवडाभर पाहा. दिवसा हाताला गार लागलेली जागा रात्री घर तापवणारी फर्नेस चालू झाल्यावर किती तापते ते असंच कळतं.

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या घरांना बेसमेंटमधून परसात निघणारं तिरकं लोखंडी दार असतं. त्याखालच्या सिमेंटच्या पायऱ्या, आतलं दार बंद असताना, माझ्या मते डेलियासाठी घरातली सर्वोत्तम जागा. शिवाय प्रत्येक पायरीचं तापमान वेगळं. वरच्या पायऱ्यांवर गोठायची भीती, खालच्या दोन-तीन बहुधा चाळिशीत राहतात. खोकं एक पायरी वर किंवा खाली सरकवून तापमान जमवता येतं. फार कडाक्याची रात्र असेल तेव्हा आतलं दार थोडं किलकिलं ठेवायचं.

असं दार नसेल तर बेसमेंटचा उत्तरेकडचा, फर्नेसपासून लांबचा, खिडकीखालचा कोपरा पाहा. फोमच्या दोन शीट उभ्या करून तेवढा कोपरा घराच्या उबेपासून तोडला की बाहेरच्या भिंतीचा गारवा आत राहतो. इथे ४५ ते ५० मिळालं तर डेलिया आणि कर्दळ दोन्ही खूश. कर्दळीला डेलियापेक्षा किंचित जास्त ऊब चालते आणि तिचे गड्डे पार कोरडे होऊ द्यायचे नसतात, मुळाशी थोडी माती राहिली तर बरंच.

गॅरेजबद्दल सावध. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये दुपारी ५५ आणि पहाटे ३० असं होऊ शकतं. हे वरखाली होणं वाईट: दुपारची ऊब डोळा जागा करते आणि पहाटेचा गारठा तो मारतो. पिकनिकचा कूलर इथे कामाला येतो. तो ऊब निर्माण करत नाही, पण बदल संथ करतो. कूलर जमिनीवर न ठेवता लाकडाच्या फळीवर, घराच्या बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवा. तरीही आत ३५ च्या खाली जाऊ लागलं तर रात्रीपुरता घरात घ्या.

निशिगंध आणि कॅलेडियमसाठी मात्र शोधाशोध नको. कपड्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा, पलंगाखालचं खोकं. कागदी पिशवी, कोरडा भुसा, पिशवीचं तोंड उघडं.

अंधार हवा का, असंही बरेच जण विचारतात. अंधाराने कोंब थांबत नाही, फक्त पांढरा आणि लांब होतो. सगळा खेळ तापमानाचा आहे, त्याखालोखाल ओलीचा.

जाता जाता अळूचं. एडिसनकडे मराठी घराच्या परसात अळूवडीसाठी अळू नाही असं क्वचितच, आणि तो प्रश्न डेलियाच्या पाठोपाठ येतोच. अळूचे गड्डे कर्दळीसारखेच काढायचे, पण ५० ते ५५ ला ठेवायचे आणि ओल कमी. फेब्रुवारीत फुटलेच तर सरळ कुंडीत लावून उन्हाच्या खिडकीत ठेवा, होळीला दोन वड्यांपुरती पानं मिळतील. आणि हो, भारतातून येताना बॅगेत अळूचे, निशिगंधाचे कंद घालून आणायचा मोह टाळा. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते विमानतळावर जप्त होतात, आणि सोबत मातीतले रोग-किडी येण्याचा धोका खराच आहे.

पुढच्या शरदात

निम्मी साठवण खणण्याआधीच ठरते. ऑगस्टच्या मध्यानंतर डेलियाला नत्राचं खत देऊ नका. दिवस लहान होऊ लागले की डेलिया खाली कंद भरतो, आणि नीट भरलेला, पिकलेला कंदच टिकतो. उशिरा लावलेल्या, शेवटपर्यंत खत खाऊन हिरव्यागार राहिलेल्या झाडांचे कंद पाणीदार आणि पातळ सालीचे निघतात; ते कशातही ठेवा, सुकतात.

क्रम असा ठेवा. सप्टेंबरअखेर कॅलेडियम. ऑक्टोबरच्या मध्यात, फ्रॉस्टच्या आधी निशिगंध. ग्लॅडिओलस फूल संपल्यावर सहाएक आठवड्यांनी, पान पिवळं पडू लागलं की. शेवटी, पाला काळा पडल्यावर, डेलिया आणि कर्दळ. डेलियाचा देठ वीतभर ठेवून कापा, चार-पाच दिवस तसाच जमिनीत राहू द्या, मग खणा. देठ पोकळ असतो आणि त्यात पाणी साचून नेमकी मान सडते, म्हणून काढल्यावर गठ्ठा उलटा ठेवून निथळू द्यायचा.

ग्लॅडिओलसला मात्र काढल्याबरोबर गारव्यात नेऊ नका. आधी दोन-तीन आठवडे ८० फॅरेनहाइटच्या आसपास, पंख्याच्या हवेत सुकवायचं. तुमची हीटरशेजारची जागा तेवढी उबदार नसली, तरी घरातली त्यातल्या त्यात जवळची तीच. जखमा भरून येतात, साल घट्ट होते, जुना कंद हाताने सहज सुटतो. त्यानंतर गारवा.

प्रत्येक गठ्ठ्यावर नाव लिहा. डेलियाच्या सालीवर थेट परमनंट मार्करने लिहिता येतं, ते वसंतापर्यंत टिकतं. कागदाच्या चिठ्ठ्या ओलीत विरघळतात.

महिन्यातून एकदा सगळं उघडून पाहायचं. डेलिया सुरकुतले असतील तर भुशावर पाण्याचे दोन फवारे. मऊ असेल तो काढून टाकायचा. कोंब दिसला तर खोकं आणखी गार जागी सरकवायचं. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ही तपासणी दर पंधरा दिवसांनी करा, कारण तेव्हा घराबाहेरचं तापमान चढू लागतं आणि झोपही संपत आलेली असते.

मार्चनंतर कोंबांशी भांडू नका. मार्चअखेर डेलिया फुटत असेल तर कुंडीत, मान वर ठेवून, जेमतेम ओल्या मातीत लावा आणि दिव्याखाली ठेवा. तीन-चार इंचांचा कोंब बुडाच्या चकतीसकट कापून लावला तर त्याचं वेगळं झाड होतं, आणि एका कंदाची तीन-चार झाडं सहज निघतात. बाहेर लावायची घाई मात्र नको. ग्लॅडिओलस एप्रिलच्या अखेरीपासून दर दोन आठवड्यांनी थोडे थोडे लावत जा, म्हणजे फुलंही टप्प्याटप्प्याने येतील. डेलिया मेमधल्या मदर्स डेच्या सुमारास, जमीन ६० फॅरेनहाइटला आल्यावर. निशिगंध त्यानंतर, आणि कॅलेडियम सगळ्यांच्या शेवटी, मे संपताना, रात्रीसुद्धा जमीन उबदार राहू लागली की.